थडग्यांचा पत्ता



व्याख्यानमालेत बोलावणाऱ्याने आणि बोलणाऱ्याने एक संकेत पाळावयाचा असतो. तो म्हणजे ज्याने त्याने आपल्या धंद्यातले बोलावे. आम्ही तीस वर्षे मजुरांच्या संघटनेचे काम करीत आलो. तेव्हा आमच्याकडून हजेरीपट, बोनस, प्रॉव्हिडंट फंड यांविषयी चार शब्द ऐकावयास मिळतील, अशी चालकांची अपेक्षा असल्यास ती रास्तच होती. आम्ही विषय कळविला तो जुन्या थडग्यांचा. तो वाचून आमच्या एका स्नेह्याने विचारले, "काय हो, जिवंतांची संघटना बांधून झाली वाटते? आता मेलेल्यांकडून वर्गणी गोळा करणार?" आम्ही हसून म्हटले, "मेलेले सभासद बरे. वर्गणी थकवितात, पण संघटना फोडीत नाहीत."

थट्टा बाजूस ठेवू. हा विषय आमच्याकडे एका तंट्याच्या रूपाने आला. गेल्या दिवाळीत आमच्याच भागातील दोन मुले सुटीवर आली होती. दोघेही पुण्यात नोकरीला. खाडीकाठी एका गावाबाहेर झाडोऱ्यात गेलेली काही जुनी थडगी आहेत; त्यांपैकी एका थडग्याच्या भेगेत त्यांनी प्लॅस्टिकची लहानशी डबी ठेवली. जवळच राहणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी ते पाहिले. त्यांचे पूर्वज तेथे पुरलेले आहेत. गोष्ट चढ्या आवाजापर्यंत गेली, आणि मग आमच्याकडे आली. कारण मजुरीचा असो की बांधाचा, तंटा म्हटला की लोकांना युनियनवाला आठवतो. मुले म्हणाली, "काका, हा जगभर चालणारा खेळ आहे. ह्या निमित्ताने लोक येथे येतील, ही जागा त्यांना कळेल." म्हातारबाबा म्हणाले, "आमची माणसे तेथे निजली आहेत, आणि ह्यांना खेळ सुचतो!" दोघांचेही म्हणणे आम्हास खरे वाटले, आणि तेथेच आमची पंचाईत झाली. निवाड्यासाठी आम्ही मुदत मागून घेतली. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे वाचनालयाच्या बाकावर झालेले. त्या बाकावर पुन्हा बसून जे वाचले, ते आज आपल्यापुढे ठेवीत आहो. निवाडा शेवटी सांगू.

प्रथम खेळ काय आहे ते पाहू. त्याला जिओकॅशिंग म्हणतात. कोणी एकजण एखाद्या जागी डबी दडवून ठेवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश प्रसिद्ध करतो. दुसरा कोणी हातातील यंत्राच्या आधारे तेथे पोहोचतो, डबी शोधतो, आतील वहीत आपले नाव व तारीख लिहितो आणि डबी होती तशी ठेवून परत जातो. डबीत एखादी क्षुल्लक वस्तू असते. ती घ्यावयाची असेल तर तशीच दुसरी वस्तू तेथे ठेवावी, असा शिरस्ता आहे. यापलीकडे बक्षीस नाही.

ह्या खेळाचा जन्म अगदी अलीकडचा. आकाशातील उपग्रहांवरून आपली जागा ओळखण्याची विद्या अमेरिकेच्या लष्कराची. सामान्य लोकांना तिचे संकेत मिळत, पण ते मुद्दाम बिघडवून दिले जात, आणि शंभर मीटरपर्यंत चूक पडे. मे २००० च्या आरंभी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने हा मुद्दामचा बिघाड बंद झाला आणि एका रात्रीत सर्वसामान्यांच्या यंत्रांची अचूकता कितीतरी पटींनी वाढली. लगेच ३ मे रोजी ऑरेगन राज्यात पोर्टलंड शहराच्या दक्षिणेस डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने रानात एक बादली ठेवून तिची जागा जाहीर केली. बादलीत वही, पेन्सिल, काही पुस्तके, बेचकी आणि घेवड्याच्या दाण्यांचा एक बंद डबा होता. आज अशा डब्या जगभर तीस लाखांहून अधिक आहेत. खेळाचे पूर्वजही आहेत. इंग्लंडात डार्टमूरच्या माळावर जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने १८५४ मध्ये एका दुर्गम जागी बाटली ठेवली आणि तेथवर पोहोचणाऱ्याने आपली चिठ्ठी तीत टाकावी, अशी प्रथा पाडली.

आपल्या किनाऱ्याला यातील मूळ कल्पना मुळीच नवी नाही. आमचे दर्यावर्दी बंधू समुद्रात जाळे टाकतात, ती जागा पाण्यावर कशी ओळखतात? एका बाजूस देवळाचा कळस आणि त्यामागचा डोंगरमाथा एका रेषेत आला पाहिजे, दुसऱ्या बाजूस दीपगृह आणि एखादा कडा. या दोन रेषा जेथे छेदतात ती जागा. हेच अक्षांश-रेखांश, फक्त ते कागदावर नसून बापाच्या डोळ्यांतून मुलाच्या डोळ्यांत उतरलेले. एका जुन्या तांडेलाने आम्हास सांगितले होते, "खूण चुकली, मगे जाळां गेलां." आता ट्रॉलरवर उपग्रहाचे यंत्र बसले आहे आणि तरण्या पोरांना खुणा पाठ नाहीत. सोय झाली ती चांगलीच झाली. पण ज्या खुणा यंत्रात कोणी भरल्याच नाहीत, त्या सांगणाऱ्याबरोबरच जाणार. थडग्यांच्या बाबतीत अगदी हेच घडते. म्हणून हे इतके विस्ताराने सांगितले.

आता खेळ आणि थडगी यांची गाठ कोठे पडली? ती पडली खेळाच्या जन्मभूमीतच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेच्या पूर्व भागातून लक्षावधी माणसे बैलगाड्या जोडून पश्चिमेकडे निघाली. ऑरेगनची वाट सुमारे दोन हजार मैलांची. वाटेत पटकीने, अपघाताने, बाळंतपणात हजारो दगावली. पुष्कळांची थडगी बांधली नाहीतच. उलट पुरलेल्या जागेवरून बैलगाड्या हाकून ती मुद्दाम सपाट केली, कारण कोल्ह्या-लांडग्यांनी माती उकरू नये. म्हणजे आपल्या माणसाची जागा आपणच पुसून पुढे जावयाचे. जे पोहोचले त्यांनी गावे वसविली आणि गावाबाहेर लहान लहान दफनभूमी केल्या. त्यांना तेथे पहिल्या वसाहतकारांची दफनभूमी म्हणतात. पुढे गावे उठली, शहरे वाढली, आणि ह्या जागा रस्त्यांच्या कडेला, शेतांच्या कोपऱ्यांत पडून राहिल्या. खेळणाऱ्यांना शांत, झाडांनी भरलेली, इतिहास असलेली जागा हवी असते. त्यांना ह्या जागा सापडल्या. थडग्यांवरील जन्ममृत्यूची साले वाचून त्या आकड्यांवरून पुढच्या जागेचे अक्षांश काढावयाचे, अशी कोडी तयार झाली. पन्नास-पन्नास वर्षे ज्या दगडावरचे नाव कोणी वाचले नव्हते, ते ह्या निमित्ताने वाचले जाऊ लागले.

सर्वांना हे आवडले नाही, हे सांगावयास नको. दक्षिण कॅरोलायना राज्याच्या कनिष्ठ सभागृहाने २००५ मध्ये दफनभूमी व ऐतिहासिक स्थळे येथे परवानगीवाचून हा खेळ खेळण्यास मनाई करणारे विधेयक मंजूर केले. वरिष्ठ सभागृहात ते अडले आणि कायदा झाला नाही. पण खेळणाऱ्यांना विचार करावा लागला. डबीसाठी जमीन खणू नये, जागेच्या मालकाची परवानगी घ्यावी, असे त्यांचे नियम आहेत. डबीच न ठेवता केवळ जागा पाहावी आणि तेथील प्रश्नाचे उत्तर द्यावे, असाही प्रकार आहे. हा प्रकार आपण ध्यानात ठेवावा. निवाड्यात त्याचे काम पडणार आहे.

परंतु आमच्यासारख्याचे लक्ष जाते ते दुसरीकडेच. पोर्टलंड शहरात लोन फर नावाची जुनी दफनभूमी आहे. तेथे सुमारे पंचवीस हजार माणसे पुरली आहेत, आणि त्यांतील हजारोंच्या जागी दगड नाही. तिच्या एका कोपऱ्यात चिनी मजुरांना पुरत. रेल्वेचे रूळ टाकणारे, कारखान्यांत मासे कापणारे, धुणी धुणारे हे लोक. त्यांतील अनेकांच्या अस्थी पुढे उकरून चीनला पाठविल्या गेल्या. आता तेथे कोणी उरले नाही, असे धरून १९५० च्या दशकात त्या कोपऱ्यावर सरकारी इमारत उभी केली आणि बाकीच्या जागेत मोटारी उभ्या करू लागले. पुढे २००० नंतरच्या दशकात ती जागा विकण्याचा विचार निघाला, तेव्हा शोध घेता माणसे अजून तेथेच असल्याचे आढळले. इमारत पाडली आणि तो कोपरा पुन्हा दफनभूमीत घेतला. वसाहतकारांचे दगड जपले गेले. त्यांची वाट तयार करणाऱ्यांच्या डोक्यावर कचेरी चढली. आणखी एक गोष्ट. ज्यांना पहिले वसाहतकार म्हणतात, त्यांच्याआधी त्या भूमीवर हजारो वर्षे राहणारे लोक होतेच. त्यांच्या दफनस्थळांना संघराज्याच्या कायद्याने खरे संरक्षण मिळावयास १९९० साल उजाडले. 'पहिला' हा शब्द कोण वापरतो, हे इतिहास वाचताना नेहमी विचारावे.

आता आपल्या घरी येऊ. आपल्यांत बहुसंख्यांचे दहन होते, म्हणून थडग्यांचा प्रश्न आपला नव्हेच, असे कोणी म्हणेल. ते खरे नाही. मुसलमान व ख्रिस्ती बंधू दफन करतात. लिंगायत, गोसावी आणि अशा कितीतरी हिंदू समाजांतही दफनाची चाल आहे. ज्यांचे दहन होते त्यांच्याही समाध्या होतात, वीरगळ उभे राहतात. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर येथे जे वीरगळ आहेत, त्यांवर गलबतांची लढाई कोरलेली आहे. दगड मागे ठेवण्याची इच्छा कोणत्याही एका धर्माची नव्हे.

आपल्या तालुक्यातील कुणकेश्वर पाहा. महाशिवरात्रीला तेथे न गेलेला माणूस या सभागृहात विरळा. देवळाजवळच्या टेकडीवर एक कबर आहे. तिची कथा आपण लहानपणापासून ऐकली आहे. परदेशी व्यापाऱ्याचे गलबत वादळात सापडले. कोणी त्याला अरब म्हणतात, कोणी इराणी. किनाऱ्यावर त्याला दिवा दिसला. त्या दिव्याच्या दैवताला त्याने नवस बोलला, वाचला, आणि देऊळ बांधून दिले. मग आपले लोक आपणास पुन्हा घेणार नाहीत, या भयाने त्याने देवळावरून उडी टाकून देह ठेवला, आणि त्याची कबर तेथेच बांधली गेली. ही दंतकथा आहे आणि दंतकथा म्हणूनच आम्ही ती सांगतो. पण त्यातील एक गोष्ट दंतकथेपलीकडची आहे : शिवाच्या जत्रेला लोटणारा समाज त्या कबरीला आपल्या क्षेत्राचाच एक भाग मानीत आला. कथा सांगणाऱ्याला त्या व्यापाऱ्याचे नाव विचारावे, तर ते ठाऊक नसते. नाव गेले, जागा राहिली. त्याच परिसरात १९२० मध्ये एक गुहा उघडकीस आली आणि तीत काळ्या दगडात घडविलेल्या स्त्रीपुरुषांच्या मूर्ती मिळाल्या. ती माणसे कोण, हेही कोणी सांगत नाही. तेथे चेहरे राहिले, नावे गेली.

याच्या उलट उदाहरण विजयदुर्गाचे. १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रज आरमाराने, पेशव्यांशी संगनमत करून, तुळाजी आंग्र्यांच्या ह्या किल्ल्यावर हल्ला केला. आरमाराचा प्रमुख ॲडमिरल वॉटसन. जमिनीवरील फौजेचा प्रमुख पुढे प्लासीला गाजलेला क्लाइव्ह. आंग्र्यांची गलबते पेटली आणि दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. लुटीचे सुमारे दहा लाख रुपये इंग्रजांनी आपसांत वाटून घेतले. वॉटसन पुढच्याच वर्षी, १७५७ मध्ये, कलकत्त्यास वारला व तेथेच पुरला गेला. कंपनी सरकारने त्याचे भव्य स्मारक लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये उभारले. त्यावर दगडी ताडाची झाडे आहेत, गुडघे टेकलेली कलकत्ता नगरी आहे, साखळदंडात जखडलेला एक कैदी आहे. आणि त्यावर 'घेरिया १३ फेब्रुवारी १७५६ रोजी घेतले' अशा अर्थाचा लेख आहे. घेरिया म्हणजे आपला विजयदुर्ग. आपल्या तालुक्यातील गावाचे नाव असे हजारो मैलांवर संगमरवरात कोरलेले आहे. आणि त्या दिवशी जळत्या गलबतांवर जे खलाशी होते, ज्या सुतारांनी ती गलबते गिर्ये येथील गोदीजवळ घडविली, त्यांचा दगड कोठे आहे? ॲडमिरलचा पत्ता सापडतो. खलाशाचा सापडत नाही. तुळाजी आंग्रे स्वतः उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत राहून मेले.

पत्ता लपविणे हेही राज्यकर्त्यांचे एक शस्त्र असते. दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर ७ नोव्हेंबर १८६२ रोजी रंगूनला कैदेत वारला. इंग्रजांनी त्याला घाईने पुरले, भोवती बांबूचे कुंपण घातले, आणि कुंपण कुजून गवत माजेल तेव्हा जागा ओळखू येणार नाही, अशी तजवीज केली. ती सफळ झाली. १९९१ मध्ये तेथे गटारासाठी खणताना खरी कबर सापडली. इकडे ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा आपल्या रत्नागिरीला १८८६ पासून नजरकैदेत राहिला आणि डिसेंबर १९१६ मध्ये तेथेच वारला. त्याची शवपेटी मायदेशी नेण्यास परवानगी मिळाली नाही; १९१९ मध्ये ती रत्नागिरीतच थडग्यात ठेवण्यात आली. त्या थडग्याकडे पुष्कळ वर्षे कोणी फारसे फिरकले नाही. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तेथे येऊन गेले. एका देशाचा बादशहा दुसऱ्या देशात आणि दुसऱ्याचा राजा पहिल्या देशात पुरलेला. दोघांनाही तेथे नेणारा धनी एकच.

तरी राजे-बादशहांचे पत्ते उशिरा का होईना लागतात. सामान्य माणसाचे काय? पहिल्या महायुद्धात १९१७ मध्ये इंग्रज साम्राज्याने युद्धात मेलेल्यांच्या थडग्यांसाठी एक आयोग नेमला. त्याने एक फार मोठे तत्त्व स्वीकारले : सेनापती असो वा शिपाई, सर्वांचा दगड सारखा, आणि प्रत्येकाचे नाव कोठे ना कोठे कोरलेले. पुण्याजवळ खडकीला त्या आयोगाचे स्मशान आहे. जाऊन पाहावे, ओळी एकसारख्या आहेत. आम्ही ते पाहिले तेव्हा मनात आले की, समान कामाला समान दाम मिळविण्यासाठी आम्ही जन्म घालविला आणि येथे समान मरणाला समान दगड कसा सहज मिळाला! पण सहज मिळाला नव्हता आणि सर्वांना मिळालाही नव्हता. त्याच संस्थेने २०२१ मध्ये आपल्याच कारभाराची चौकशी प्रसिद्ध केली. पंचेचाळीस ते चोपन्न हजार मृतांची नोंद असमानतेने झाली, त्यांत आफ्रिकन व हिंदी पुष्कळ. आणि एक लाख सोळा हजार किंवा त्याहूनही कितीतरी अधिक लोकांची नावे कोरलीच गेली नाहीत, असे तीत कबूल केले आहे. शंभर वर्षांनी का होईना, हिशेब तपासला गेला. हिशेब तपासता आला, कारण कागद जपलेले होते.

आता एक घरची गोष्ट. ती सांगावी की नाही याचा आम्ही बराच विचार केला. आम्ही संघटनेत नवे होतो तेव्हाची. ते काम कोणाचे, ठेकेदार कोण, हे येथे सांगण्याचे कारण नाही. बाहेरच्या मुलखातून आणलेला एक मजूर दरड अंगावर येऊन मेला. पावसाळ्याचे दिवस, मुकादमाने त्याच रात्री त्याला कामाजवळच पुरविले आणि सकाळी हजेरीपटावरचे नाव खोडले. आम्हास पत्ता लागेपर्यंत त्याच्याबरोबरची टोळी दुसरीकडे हलविलेली होती. आम्ही १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याखाली अर्ज लिहावयास बसलो, तर मृताचे पूर्ण नाव सांगणारे कोणी नाही. अर्ज तसाच राहिला. आम्ही दुसऱ्या भांडणात पडलो. हे आम्ही स्वतःच्या समर्थनासाठी सांगत नाही.

आठ वर्षांनी त्याचा धाकटा भाऊ आमचा ठिकाणा विचारीत आला. पैसे मागावयास तो आला नव्हता. त्याला जागा पाहावयाची होती. आई थकली होती. तिने जागेवरची माती आणावयास सांगितली होती. आम्ही दोन दिवस त्याला घेऊन हिंडलो. काम पुरे झाले होते, भराव बदलला होता, झाडे वाढली होती. आम्ही एक आंब्याचे झाड खूण म्हणून लक्षात ठेवले होते. तशी झाडे तेथे आता पाच होती. शेवटी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही एका जागेकडे बोट दाखविले. ती जागा ती नव्हती. निदान ती असल्याची आमची खात्री नव्हती. त्याने खाली बसून रुमालात माती बांधली. मग आमच्याकडे पाहून म्हणाला, "भाऊ, हीच असेल." आम्हास वाटते, त्याला सारे कळले होते. आईसाठी त्याने ती मान्य केली, आणि आमच्यासाठीही.

अक्षांश आणि रेखांश हे दोन आकडे. त्या दिवशी आमच्या वहीत ते असते, तर त्या आईला खरी माती मिळाली असती. म्हणून त्या मुलांच्या खेळाकडे आम्ही केवळ पोरखेळ म्हणून पाहू शकलो नाही.

समुद्रावर मेलेल्यांना तर मातीही नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. आपल्या किनाऱ्यावर दर वादळाने एखाद्या घरचा माणूस नेला आहे. त्यांच्यासाठी दगड उभारावयाचा तर नावांचाच उभारावा लागेल. आणि तो उभारता येतो, याचे चांगले उदाहरण जवळच आहे. कोकण रेल्वे बांधताना ७४ जणांचे प्राण गेले. २६ जानेवारी १९९८ पासून त्या मार्गावरून पूर्ण गाडी धावू लागली. बोगद्यांनी आणि पुलांनी भरलेल्या त्या वाटेवरून आपण कणकवलीला किंवा नांदगावला उतरतो, चहा पितो आणि घरी येतो. रत्नागिरीला त्या मृतांचे श्रमशक्ती स्मारक आहे. आपल्या भागात यंत्राने वाट काढणारे पहिले लोक ते. आमच्या हिशेबी आपले खरे आद्य वाटाडे तेच. येथून पुढे रत्नागिरीला थिबाचा राजवाडा पाहावयास जाणाऱ्याने थोडी वाट वाकडी करून तेही स्मारक पाहावे.

हा सारा विचार आजच करण्याचे कारणही आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. त्यांत विजयदुर्ग आहे, सिंधुदुर्ग आहे. पाहुणे येणार. त्यांच्या हातात यंत्रे असणार, आणि कोणी डब्याही दडविणार. आपण त्यांना नुसता 'नाही' म्हणणार की काही शिकविणार? कायदा काय म्हणतो तेही माहीत असावे. संरक्षित स्मारकांसाठी १९५८ चा कायदा आहे. तेथे दगड हलविणे, खरवडणे, भेगेत काही कोंबणे चालणार नाही. दफनभूमीत शिरून मृतांचा अवमान करणे किंवा कोणाच्या भावना दुखविणे हा जुन्या दंडसंहितेच्या कलम २९७ प्रमाणे गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून नव्या न्यायसंहितेच्या कलम ३०१ प्रमाणे तो गुन्हा आहे. पण कायद्याने फक्त मनाई होते. माया निर्माण होत नाही. ज्या थडग्यांवर रान माजले आहे, त्यांचा अवमान कोणीच करीत नाही, कारण तेथे कोणी जातच नाही. तो आदर नव्हे.

आता निवाडा. आम्ही दोन्ही बाजूंना समोरासमोर बसविले आणि तीन गोष्टी सांगितल्या. पहिली : थडग्यातून डबी काढावी. थडगे हे कोणाचे तरी घर आहे. घराच्या भिंतीत आपण विचारल्याशिवाय काही ठेवीत नाही. डबी ठेवावयाचीच असेल तर ती दूर, रस्त्यालगत, मालकाच्या परवानगीने ठेवावी. किंवा डबीच न ठेवता, जागा पाहून प्रश्नाचे उत्तर द्यावयाचा जो प्रकार आहे तो चालवावा. दुसरी : त्या प्रश्नाचे उत्तर यंत्रात मिळू नये, ते म्हातारबाबांना किंवा गावातील कोणाला तरी विचारल्यावाचून मिळू नये. येणाऱ्याने प्रथम माणसाला भेटावे, मग दगडाला. तिसरी : मुलांनी सुटीचे दोन दिवस देऊन तेथील प्रत्येक थडग्याची जागा यंत्रावर मोजावी, वाचता येतील ती अक्षरे उतरून घ्यावी, आणि म्हातारबाबांना जी नावे ठाऊक आहेत ती त्यांच्या तोंडून लिहून घ्यावी.

म्हातारबाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी मुलांना विचारले, "कोयता धरता येतो काय?" मुलांना धरता येत नव्हता. तो त्यांनी शिकविला. दोन दिवसांत झाडोरा निघाला आणि बावीस जागा मोजल्या गेल्या. चौदा नावे मिळाली. आठ जागी नाव मिळाले नाही. तेथे मुलांनी वहीत आकडे लिहून पुढे कोरी ओळ ठेवली आहे. कोरी ओळ ठेवणे आम्हास फार आवडले. खोडलेल्या नावापेक्षा कोरी ओळ बरी. ती निदान माणूस होता एवढे कबूल करते.

या खेळाच्या प्रत्येक डबीत एक वही असते, हे आम्ही आरंभी सांगितले. तशी एक वही आम्ही आज बरोबर आणली आहे. सभागृहाच्या दाराशी टेबलावर ती ठेवली आहे. शेजारी पेन्सिल आहे. तुमच्या गावात, वाडीत, खाडीकाठी, कातळावर एखादे थडगे, समाधी, वीरगळ, किंवा नुसती 'येथे कोणी पुरला आहे' एवढीच माहिती असेल, तर गावाचे नाव आणि खूण लिहून जा. समुद्रावर गेलेल्या माणसाचे नाव असेल तर तेही लिहा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे, आम्ही लिहू. पुढच्या आठवड्यापासून ती दोन्ही मुले यंत्र घेऊन एकेका जागी जाणार आहेत. म्हातारबाबाही बरोबर जाणार म्हणतात. कोयता त्यांच्याकडेच आहे.